ट्रीटेबल आणि क्युरेबल

मित्रहो, आर्णीतील समस्त दुचाक्यांचे धन्वंतरी, आमचे मेकॅनिक शेजारी सलीमभाई, आज प्रातःकाळी पेढे घेऊन अवतरले.

"सरजी, डॉक्टर म्हने अम्मीचा आजार ट्रीटेबल हाये! मंग गोळ्या कधी बंद होतीन?"

गल्लीने मला आंग्लविद्याविशारद मानले आहे, हेच माझे दुर्दैव. ट्रीटेबल म्हणजे उपचार करता येण्याजोगा. पूर्ण बरा होण्याजोगा तो क्युरेबल.

"क्युरेबल म्हणाले का हो?" मी विचारले.

"नाही. काहून? एकच ना ते?"

"संध्याकाळी सांगतो," एवढेच पुटपुटलो.

"मंग पेढा तं घ्या, अम्मीनंच पाठोला."

तो पेढा अद्याप टेबलावर तसाच आहे. संध्याकाळ होत आली. विद्वज्जनहो, तुम्ही त्यांना कोणत्या शब्दांत सांगितले असते?