बाकावरचा खोटा उमेदवार

बेळगावातल्या आमच्या कारखान्यात नवा पंप बनवायचं ठरलं आणि त्या कामाला इंजिनिअर मॅनेजर हवा होता. मुलाखतीच्या दिवशी मालक मला म्हणाले, "इस्त्रीचा शर्ट घाल आणि उमेदवारांत जाऊन बस. कोण काय बोलतंय ते ऐक."

मी घाबरल्यासारखा चेहरा करून बाकावर बसलो. एकजण हाताखालच्या माणसांना खुशाल गाढवं म्हणत होता. आत गेल्यावर मात्र त्यानं त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, असं मालकांनी मला नंतर सांगितलं. निपाणीचे एक गृहस्थ माझ्याजवळ सरकले. "घाबरू नकासा. येत न्हाय ते येत न्हाय म्हणून सांगायचं," म्हणाले, आणि कागदावर चित्र काढून मला पंप समजावू लागले. जागा एकच होती, तरीही.

माझ्या सांगण्यावरून मालकांनी त्यांनाच घेतलं. पहिल्याच दिवशी मला कारखान्यात बघून ते खूश झाले.

"तुमास्नी बी घेतलं व्हय?"

"व्हय, साहेब."

मग ते सगळ्यांना सांगत सुटले, की ह्याला मीच तयार केलाय. शेवटी पंप बाजारात गेल्यावर मी साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं.

"असू दे," साहेब म्हणाले, "पण पंप मीच शिकवला न्हवं?"