साडूभाऊंची फेरी

चढ दिसला की ज्याचा चेहरा उजळतो आणि उतार लागला की ज्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, असा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांची हयात यंत्रांना तेल घालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तेल घालायला एकच यंत्र उरलं, ते म्हणजे सायकल. तिची साखळी ते इतक्या मायेने पुसत, की माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अहो, माझं डोकं दुखतं तेव्हा हे हात कुठे असतात?"

दर रविवारची फेरी ठरलेली. नाशिकहून त्र्यंबक, पुढे घाट उतरून हरसूल, तिथून वाघेऱ्याचा घाट चढून गिरणारे आणि घर. रस्ता असा, की सपाटी म्हणून दिसते तिथेही पोटऱ्या भरून येतात. उलट बाजूने, आधी गिरणाऱ्याकडून गेलं तर थोडं सोपं पडेल, असं मी सुचवून पाहिलं. "प्रदक्षिणा उलटी घालतात का तुमच्यात?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एकाच सासऱ्याचे जावई, तरी 'तुमच्यात'! दुसरा नियम असा, की गेलेल्या रस्त्याने परत फिरायचं नाही. एकदा त्यांचा चष्मा त्र्यंबकच्या हॉटेलात राहिला. गावाबाहेर पहिल्याच चढावर लक्षात आलं, पण पठ्ठ्याने फेरी पुरी केली आणि चष्मा पुढच्या रविवारी जाऊन आणला. मधला आठवडाभर ताई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या.

तिसरा नियम, चढावर पाय टेकायचा नाही. वाघेऱ्याच्या घाटात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी चालत आमच्या पुढे निघून गेली आणि जाता जाता म्हणाली, "आरं बाबा, उतरून चाल ना, लवकर पोचशील!" साडूभाऊ धापा टाकत म्हणाले, "पाय टेकला की फेरी बाटते, आजी." म्हातारीला हे पटलं नसावं, कारण वळणापर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं. त्याच दिवशी सकाळपासून माझे गुडघे बोलू लागले होते, तेव्हा त्र्यंबकलाच मी म्हटलं होतं, "साडूभाऊ, हा महादेवाचा मुलूख. महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असते, पिंडीच्या पाण्याची पन्हळ ओलांडत नाहीत, तिथूनच मागे फिरतात. आपणही फिरू या की." ते हरसूलपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. घरी जाऊन मात्र त्यांनी ताईंकडे माझी तक्रार केली.

मग ताईंना कॅन्सर निघाला. वर्षभर दवाखाने झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. साडूभाऊंनी सायकल गॅलरीत लावून टाकली आणि ते ताईंच्या उशाशी बसून राहिले. दोन रविवार गेल्यावर ताईंनीच त्यांना हाकललं. "जा तुम्ही. दिवसभर माझ्याकडे असं बघत बसता, की मलाच माझी भीती वाटायला लागते." रविवारी माझी बायको तिच्या बहिणीपाशी बसायची आणि मी साडूभाऊंच्या सोबतीला. आता वाटेत ते बोलत नसत. एकदाच, त्र्यंबकच्या पुढे आंबोली गावाच्या आसपास, माझ्याकडे न बघता म्हणाले, "फेरी पुरी होतेय ना, तोवर तिला काही होत नाही." साखळीची कडी न् कडी उघडून बिघाड शोधणारा हा माणूस, आणि त्याच्या तोंडी हे वाक्य.

पुढच्या एका रविवारी आम्ही त्र्यंबकच्या पुढच्या घाटमाथ्यावर होतो. तिथून खाली उतरलं की फोनची रेंज जाते, ती थेट वाघेऱ्याच्या माथ्यावर येते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. इतक्या वर्षांत ताईंनी फेरीत कधी फोन केला नव्हता. साडूभाऊंनी पाय टेकला. पलीकडून ताईंचा बारीक आवाज मलाही ऐकू आला, "कुठे पोचलात?"

"माथ्यावर."

"बरं. सहज विचारलं. जपून या."

त्यांनी फोन खिशात ठेवला. समोर घाट उतरत होता. त्यांनी सायकल उचलून मागे फिरवली. जीप थांबवू या, असं मी म्हणालो, पण ते निघालेही होते.

घरी ताई उशीला टेकून बसल्या होत्या. साडूभाऊ दारातच थांबले. शर्ट घामाने चिकटलेला, आणि चेहरा काहीतरी फोडून आलेल्या पोरासारखा. "फेरी मोडली," एवढंच बोलले.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. साडूभाऊंच्या मनातल्या त्या नवसाचं ताईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण बायकांना काय सांगावं लागतं? "अहो, महादेवाचीच ना ती?" त्या म्हणाल्या. "महादेवाची अर्धीच असते. झाली की पुरी. बसा आता इथे."

ते बसले. त्यानंतर ताई गेल्या त्या दिवसापर्यंत सायकल गॅलरीतून हलली नाही.

हल्ली ते पुन्हा जातात, मीही जातो. चढावर दम लागला की खुशाल पाय टेकतात, सायकल ढकलतातही. त्र्यंबक मागे टाकून माथ्यावर येतात, ताईंचा फोन वाजला होता त्या दगडाशी थांबतात आणि आल्या रस्त्याने परत फिरतात. ताईंचा फोन माझ्या बायकोने केव्हाच बंद करून कपाटात ठेवला आहे, हे त्यांना माहीत आहे. परवा हवा छान होती, म्हणून मी म्हटलं, "साडूभाऊ, चला आज हरसूलपर्यंत."

त्यांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"नको," ते म्हणाले. "खाली उतरलं की रेंज जाते."