पाडाची तारीख

मी जळगावची. केळी पिकवायच्या खोल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी पहिली सात वर्षं गेली, आणि त्या सात वर्षांनी मला असा माज चढला की नवऱ्याची बदली लखनौला झाली, आम्ही मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो, तेव्हा इथल्या आंब्यालाही मी केळंच समजले.

मलिहाबादच्या एका बागवाल्यानं नवं पॅकहाउस बांधलं होतं. आजूबाजूच्या बागांतला दशहरी तिथं यायचा, निवडला जायचा, बंद खोलीत चार दिवस पिकायचा आणि मग पेट्या दिल्लीला जायच्या. मालकांना हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं. पहिल्याच दिवशी चहाचा कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "मैडम, आपका सिस्टम चल गया, तो चाचा को आराम दे देंगे." चाचा तिथंच उलट्या क्रेटवर बसले होते. साठी कधीच ओलांडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आंबे पेंढ्यात पिकवायचे तेव्हापासून कुठल्या बागेचा माल कधी पिकायला घालायचा हे तेच ठरवत आले होते. खरं सांगायचं तर मालकांचं ते ऐकून मनातून मी खूश झाले, कारण सिस्टम चालणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आमच्या धंद्यात सॉफ्टवेअरचे प्रकार ढीगभर, पण एकदा सासूबाईंनी "तू नक्की करतेस तरी काय?" असं विचारलं तेव्हा मी तीनच सांगितले होते. एक, लक्षात ठेवणारं. गोदामात काय आलं, काय गेलं, काय कुठल्या रॅकवर पडलंय. औषधाच्या कारखान्यात हेच आणि बसच्या सुट्या भागांच्या गोदामातही हेच. दुसरं, हुकूम सोडणारं. ते यंत्रातच बसलेलं असतं. दूध तापलं की डेअरीतली वाफेची झडप बंद करतं, खोली तापली की पंखे लावतं, कुणाला विचारत नाही. तिसरं, मागचं बघून पुढचा अंदाज बांधणारं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कारकून, मुकादम आणि ज्योतिषी." याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी केलेली माहीत नाही.

मालकांना मी कारकून आणि मुकादम दिले. कारकुनाला नियम घालून दिला: जो माल आधी आला, तो आधी खोलीत. मुकादमानं त्याच क्रमानं दारं उघडायची, गॅस सोडायचा. केळ्याला हा नियम चोख बसतो, कारण घडाचं वय बघूनच तो कापतात. आंब्याचं तसं नसतं. सुरुवातीला भाव चढा असतो म्हणून काही बागवाले कोवळाच माल उतरवून पाठवतात. म्हणजे जो सगळ्यांत आधी आला, तोच सगळ्यांत कच्चा.

चौथ्या दिवशी पहिल्या खोलीचं दार उघडलं. आंबे पिवळेधम्मक. मालकांनी माझं अभिनंदनही केलं. मी एक कापून तोंडात टाकला आणि दात आंबले. आतून पांढरा, आंबट ढाण. मागून आलेला चांगला तयार माल बाहेर रांगेत थांबून तोवर देठाशी काळा पडला होता, क्रेटमधून पाणी गळत होतं. दोन ट्रक माल मी माझ्या हुशारीनं वाया घालवला होता.

"उस बाग में तो टपका लगा ही नहीं था," चाचा मागून म्हणाले.

टपका म्हणजे झाडावरच आपोआप पिकून पडलेलं पहिलं फळ. आपण त्याला पाड लागणं म्हणतो. पाड लागल्याशिवाय आंब्याला हात लावायचा नाही, हे आईनं मला फ्रॉक घालायच्या वयात सांगितलं होतं. इंजिनिअर झाल्यावर मी ते सोयीस्करपणे विसरले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"पहले क्यों नहीं बताया?" मी चक्क ओरडले.

"बता देते, बिटिया, तो हम किस काम के रहते?"

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. प्रत्येक बागेच्या नावापुढे एक नवा रकाना टाकला: पाडाची तारीख. ती चाचांनी बागेत जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगायची. ती भरल्याशिवाय खोलीचं दार उघडणारच नाही अशी मुकादमाची नाकाबंदी करून टाकली.

मालक वैतागले. "इसको ऑप्शनल कर दीजिए."

"नहीं होगा."

"क्यों नहीं होगा? आप ही ने तो बनाया है."

"इसीलिए नहीं होगा."

मी हेका सोडला नाही. तेव्हापासून हंगामात रोज सकाळी, मी डबे भरत असताना, चाचांचा फोन येतो. मुलगी फोन माझ्या कानाला लावते आणि कंटाळून म्हणते, "मम्मा, आपके आम वाले अंकल." चाचा बागा सांगतात, मी एका हातानं लिहून घेते. पुढचे तीन हंगाम एकही खोली आंबट निघाली नाही.

मग मालकांना सुचायचं ते सुचलंच. "मैडम, तीन साल की तारीखें हैं, मौसम का हिसाब भी है. अब सिस्टम खुद बता दे कि टपका कब लगेगा." त्यांना आता ज्योतिषी हवा होता. आणि तो करता येण्यासारखा होता. रोज सकाळी फोनवरून चाचा आपली जागाच मला लिहून देत होते, आणि हे त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना कळत होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी तडक मलिहाबाद गाठलं आणि त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते आंबा सोलत होते. "बन जाएगा?"

"बन जाएगा."

"सही बताएगा?"

"कभी-कभी चूकेगा. पर बताएगा."

त्यांनी साल पूर्ण उतरवली. "बना दो," ते म्हणाले. "लड़के शहर में एसी लगाते हैं. हमारे बाद टपका कौन देखेगा?" मग एक फोड माझ्या हातावर ठेवली. "पर हमारे रहते मत चलाना."

मी बनवलं. मन लावून बनवलं, कारण चाचांचं ज्ञान त्यात जायचं होतं आणि त्यात मला खोट नको होती. मागच्या हंगामात कुणाला न दाखवता त्याचे अंदाज चाचांच्या तारखांशी ताडून पाहिले. क्वचितच फरक पडला. मालकांना मात्र मी दोन वर्षं "अभी नहीं बना" असंच सांगत आले. अर्धवट काम "तयार आहे" म्हणून खपवणारे आमच्या धंद्यात पैशाला पासरी, मीही त्यातलीच. उलटं खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ होती.

गेल्या आठवड्यात मालकांनी फोनवर थेटच विचारलं. "सच बताइए मैडम, बन गया है ना?"

खोटं बोलायचा मला एकाएकी कंटाळा आला. "बन गया है," मी म्हणाले. "जब तक चाचा बाग जा रहे हैं, चलेगा नहीं. किसी और से बनवाना हो तो बनवा लीजिए, तारीखें मैं दे दूँगी. पर चाचा को बताकर बनवाइएगा, उनके सामने बैठकर."

मी फोन ठेवला नाही. आता बोलायची पाळी त्यांची होती.