वरचा एक रुपया

आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहाचं भाडं पाच हजार होतं. साइटवर ते मी पाच हजार एक केलं आणि विसरून गेलो.

झालं असं, की मंडळाचं खातं ज्या बँकेत होतं ती एका मोठ्या बँकेत विलीन झाली. खात्याचे नंबर बदलले आणि नवे नंबर साइटवर भरायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्तीपूर्वी आमच्या कचेरीतला पहिला कॉम्प्युटर मी चालू केला होता, एवढ्या भांडवलावर मी मंडळाचा तज्ज्ञ. नंबर भरता भरता भाड्याच्या शून्यांकडे लक्ष गेलं. मंगलकार्याचे पैसे, आणि शेवटी शून्य? आमच्यात तर आहेराच्या पाकिटावर रुपया चिकटवल्याशिवाय कोणी मांडवात शिरत नाही. मी पानावर एक वाढवला आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

त्यानंतरचं पहिलं बुकिंग खासगी बाजार मोहल्ल्यातल्या वहिनींचं. माझ्या दिवंगत मित्राची बायको, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त एकच निघत होता आणि त्याच तारखेवर आणखी एका कुटुंबाचा डोळा होता. मंडळाने वहिनींसाठी तारीख शुक्रवार संध्याकाळपर्यंत राखली होती. रोख घेणं तेव्हा नुकतंच बंद केलं होतं.

बुधवारी त्यांचा फोन आला. "भाऊजी, पैसे कटले. बुकिंग नाही झाली."

"पुन्हा करून बघा," मी म्हटलं.

पुन्हा कटले. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन, त्यांच्याच फोनवर, माझ्या देखरेखीखाली कटवले. पडद्यावर लाल अक्षरांत आलं: व्यवहार अयशस्वी, रक्कम जुळत नाही. मी चष्मा वर करून ते वाचलं आणि निदान केलं, की ही सगळी बँकेची घाण आहे.

गुरुवारी बँकेत गेलो. गोरखी भागातली आमची शाखा बंद करून किला गेटच्या शाखेत कोंबली होती. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्यांचे थरांवर थर, काउंटर हाताला चिकटणारा, दोरीला बांधलेलं पेन रिफिलशिवाय. रिकाम्या पेनला दोरी बांधणाऱ्या माणसाबद्दल मला अजून शिसारी येते. कारकून मान वर न करता म्हणाला, "सर, मर्जर चल रहा है. सिस्टम में दिखेगा तो दिखेगा."

मग हेल्पलाइन. तीच ती धून ऐकून कान किटले, आणि शेवटी एका मुलीने मला ब्राउझर साफ करायला सांगितलं. केला. राउटर बंद करून चालू केला. बँकेला शुद्ध हिंदीत तक्रार लिहिली, तीत 'अकर्मण्य' हा शब्द दोनदा घातला. रात्री ताटावर बसलो तर अन्नावरची वासनाच उडालेली. सगळ्या व्यवस्थेचा इतका उबग आला होता की बायकोने वाढलेलं वरणही मला सरकारी वाटलं.

शुक्रवारी दुपारी वहिनी घरी आल्या. हातात फोन आणि मंडळाचं छापील दरपत्रक.

"खात्यात सहा हजार उरलेत," त्या म्हणाल्या. "आधीचे आठवड्याने परत येतील म्हणतात. आता एकदाच भरता येईल. नाही झालं तर तारीख गेली."

मी बँकेवर बोलायला तोंड उघडलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या दरपत्रक आणि पडदा शेजारी धरून बघत होत्या, वही तपासावी तशा.

"पत्रकात पाच हजार आहे. तुमच्या साइटवर पाच हजार एक. हा एक कुठून आला?"

पान पाच हजार एक मागत होतं आणि साइटच्या आतला हिशेब अजून पाच हजारांचीच वाट बघत होता. जुळत नाही, असं ते बिचारं तीन दिवस स्वच्छ शब्दांत सांगत होतं. कारकून निर्दोष, हेल्पलाइनची मुलगी निर्दोष. बँकेसाठी जमवलेली सगळी किळस मुकाट्याने माझ्याच घरी परत आली, आणि ती मात्र आठवडाभर थांबली नाही.

मी तो एक खोडला. वहिनींनी पैसे भरले. हिरवी खूण आली, पावती आली, तारीख त्यांची झाली. त्यांनी पावतीवरचा आकडा दोनदा वाचला.

"शगुनाचा म्हणून वाढवला होता, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा डबीत ठेवला, पिशवी उचलली.

"लग्नाला या, भाऊजी. पोटभर जेवा. फक्त कशाला हात लावू नका."