टेबलावरची पांढरी चादर

सुनेनं काल ईस्टरची अंडी रंगवायला कांद्याच्या साली उकळत ठेवल्या. तो वास मला सोसत न्हाय, पण तिला कसं सांगू?

लोहाऱ्याजवळ आमचं घर होतं, बाबा गावात शाळामास्तर. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. वाटेवर माणसं मारली जात होती. शुक्रवारी लोहाऱ्याला गेलेले बाबा ईस्टरची सकाळ झाली तरी परतले नव्हते. आईनं तरीही लग्नातली पांढरी चादर टेबलावर अंथरली, मधोमध पळसाची फुलं मांडली, भोवतीनं कांद्याच्या सालींत रंगवलेली तांबडी अंडी ठेवली. पहिलं अंडं बाबांनीच फोडायचं, ही घरची रीत. मी भुकेली वाट बघत बसले.

दारात बैलगाडी थांबली. शेजारचे हुसेनचाचा खाली बघतच म्हणाले, "बाई, मास्तरांना आणलंय. वर टाकायला काही हाय का?"

आईनं एकेक अंडं उचलून परातीत ठेवलं, फुलं बाजूला केली आणि चादर ओढून घेतली.

"हीच न्या. धुतलेली हाय."

मला एवढंच कळलं, की बाबा आले. परातीतलं सगळ्यात तांबडं अंडं घेऊन मी त्यांच्याकडं धावत सुटले.