चौदाशे त्रेपन्नचा गणपती

“बरं, त्याच वर्षी इकडे काय सुरू होतं?”

मॅडमनी हे विचारलं की समजायचं, आता आपली लवकर सुटका नाही. विचारताना त्यांचं बोट हवेत सावकाश डावीकडून उजवीकडे सरकायचं. समोर नकाशा टांगलेला आहे आणि त्यांना युरोपातून हिंदुस्थानात यायचं आहे, अशा थाटात. जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत हा प्रश्न मी लिफ्टमध्ये ऐकला आहे, आणि एकदा फायर अलार्म वाजल्यावर आम्ही सगळे थंडीत पार्किंगमध्ये कुडकुडत उभे होतो तेव्हाही ऐकला आहे.

माझी त्यांची ओळख धुण्याच्या खोलीत झाली. ड्रायर बंद पडला होता आणि मी ओल्या चादरी कवटाळून या देशाच्या नावाने बोटं मोडत होते. “ब्याण्णव साली आले मी इथे, अजून या मशिनचं मला काही कळत नाही!” शेजारी एक चाळिशी ओलांडलेल्या बाई मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. त्या म्हणाल्या, “चौदाशे ब्याण्णव साली पण एक जण आला होता न इकडे. कुठं आलो ते त्याला मरेपर्यंत नाही कळलं. तुला तेवढं तरी कळलं आहे न?” आणि मोज्यांची घडी घालत निघून गेल्या. मला राग यायला हवा होता. मी चादरी तशाच घेऊन त्यांच्या मागे गेले.

नागपूरच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या. नवऱ्याबरोबर इथे आल्या त्या त्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर बायकोला राहता येतं, स्वयंपाक करता येतो, भांडता येतं. फक्त पगार घेता येत नाही. नवरा, अविनाश, नदीपलीकडे मॅनहॅटनमधल्या एका बँकेत डेटाबेस सांभाळायचा. अबोल माणूस. मॅडम बोलत असल्या की हा शेजारी उभा राहून त्यांच्या पर्सचा पट्टा हातात धरायचा. लेक ईरा पंधरा वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तरं इंग्रजीत देणारी. आम्ही सगळे बाईंना मॅडमच म्हणायचो. त्यांच्यासमोर दुसरं काही तोंडातून यायचंच नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आपल्यापैकी जे तेव्हा व्हिसावर होते त्यांना २००७चा जुलै आठवत असेल. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणाऱ्यांसाठी अचानक दार उघडलं. थोडे आठवडे कुणीही शेवटचा अर्ज भरावा! तो अर्ज भरून काही महिने झाले की नोकरी बदलता येत होती, गेली तरी दुसरी शोधायला सवड होती, आणि बायकांना काम करायची परवानगी मिळत होती. अट एकच मोठी होती. अर्ज भरताना माणूस इथे, या जमिनीवर हजर पाहिजे.

मॅडम नेमक्या तेव्हा नागपुरात होत्या, अविनाश आणि ईराला घेऊन. धाकट्या भावाचं लग्न. अविनाशला सुट्टी मिळत नव्हती, पण मॅडमनी हट्ट धरला होता की सगळ्यांनी जायचं आणि सगळे विधी करून यायचं. मध्येच परत यायचं म्हटलं तर पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी कॉन्सुलेटात अडकलेले. ते परत आले तोवर दार बंद झालं होतं. अविनाश त्यावर एक अक्षर बोलला नाही. “बोलला असता तर बरं झालं असतं बाप्पा,” असं मॅडम मला एकदाच म्हणाल्या आणि लगेच कणीक मळायला लागल्या.

तर पुढच्या वर्षीची ही गोष्ट. ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या गणपतीची मीटिंग. मंडळाचा अध्यक्ष शिरीष, पुण्याचा. मोबाइलवर दर दोन मिनिटांनी बँकांचे शेअर बघून चेहरा पाडायचा आणि पुन्हा मोदकांवर यायचा. देखाव्याचा विषय निघाला. कुणी रायगड म्हणालं, कुणी अष्टविनायक.

“कॉन्स्टँटिनोपल,” मॅडम म्हणाल्या.

“काय?”

“चौदाशे त्रेपन्न. एक वर्ष घ्यायचं, आणि त्या वर्षी जगात कुठं काय सुरू होतं ते दाखवायचं. मधोमध तटबंदीचं शहर, बाहेर तुर्कांच्या तोफा.”

शिरीषने फोन खाली ठेवला. “मॅडम, गणपतीच्या मागे पडणारं शहर? आधीच ऑफिसात काय टेन्शन आहे यार. अपशकुन नाही का?”

“पडलेलं नाही दाखवत मी. पडायच्या आधीचं. उभं आहे ते.”

मॅडमच्या होला हो करायला कुणी उत्सुक नव्हतं, पण रायगड म्हणणाऱ्यांपैकी एकालाही थर्माकोल कापायला वेळ नव्हता. त्यामुळे ठराव मंजूर झाला. मंडळांत ठराव असेच मंजूर होतात.

मग तळमजल्यावरच्या पार्टी रूममध्ये शहर उभं राहिलं. तुम्ही ते पाहायला हवं होतं. थर्माकोलची तिहेरी तटबंदी, बंदराच्या तोंडाशी खऱ्या पितळी साखळीचा अडसर, ती माझ्या झोपाळ्याची. डोंगरावरून ओंडक्यांवर ओढत आणलेली जहाजं. चार कोपऱ्यांत तेच वर्ष: फ्रान्समध्ये शंभर वर्षांहून जास्त चाललेलं युद्ध एकदाचं संपतंय, जर्मनीत एक कारागीर शिशाची अक्षरं जुळवत बसलाय, इंग्लंडचा राजा पराभवाची बातमी ऐकून असा गप्प झालाय की माणसं ओळखत नाही. चौथा कोपरा आपला. बहमनी सैन्य सह्याद्रीच्या रानात वाट चुकलेलं. “साल काही जण सहा-सात वर्षं मागे धरतात,” मॅडम येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. “वाद आहे. पण आपल्याला एक कोपरा पाहिजे न.”

मोठ्या तोफेची माहिती ईराकडे होती. ती ओतणारा कारागीर हंगेरीचा. आधी तो शहराच्या बादशहाकडेच नोकरीला गेला होता, पण तिथे पगाराची बोंब. मग सुलतानाने पगार वाढवून दिला. ईरा पाहुण्यांना खांदे उडवून सांगायची, “ही वॉज ऑन अ व्हिसा, बेसिकली.” हसायचे सगळे. अविनाशही हसायचा, जरा उशिरा.

आणि तटात एक छोटं दार. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचं, करंगळीएवढं, कापडी चिकटपट्टीची बिजागरी लावलेलं. मॅडम ते किलकिलं ठेवायच्या. एका बखरकाराने लिहिलंय म्हणे, की शेवटच्या पहाटे असं एक दार कुणीतरी लावायचं विसरलं आणि शत्रू आत आला.

“खरं आहे का हे?” मी विचारलं.

“एकट्यानेच लिहून ठेवलं आहे. बाकी कुणी बोलत नाही. पण हरलेल्या लोकांना एक उघडं दार लागतंच गं. कुणाच्या तरी नावावर टाकायला.” त्यांनी नखाने ते दार आणखी जरासं उघडलं. मला गेल्या वर्षीचा जुलै आठवला.

गणपती बसले आणि रोज सकाळी एक गंमत सुरू झाली. मॅडम फुलं बदलायला यायच्या तेव्हा दार बंद असायचं. त्या उघडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. शिरीष म्हणाला एसीचा वारा लागत असेल. ईराने लहान पोरांवर संशय घेतला. मॅडम वैतागल्या. “इतिहास बदलून राहिलं आहे कोणीतरी माझा!”

पण गंमत करायचे दिवस नव्हते ते. अविनाशच्या बँकेचा शेअर रोज घसरत होता. आरतीला पुरुष यायचे ते एक हात खिशात घालून. टाळ्या वाजवायच्या म्हणून नाइलाजाने फोन सोडायचे. कुठला विभाग जाणार, कुणाच्या मॅनेजरने कुणाला बोलावलं, हेच बोलणं. माझी नोकरी नेवार्कला एका विमा कंपनीत, मला तशी झळ नव्हती. आसपासच्या घरांत मात्र बायका सुटकेसांची कुलपं चालतात का ते बघत होत्या. अविनाशची नोकरी गेली तर त्या तिघांना हा देश सोडावा लागणार, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. जुलैत अर्ज भरलेल्यांना निदान श्वास घ्यायला जागा होती. या तिघांना नव्हती.

त्या दहा दिवसांत अकरा सप्टेंबरही येऊन गेला. आमच्या खिडक्यांतून नदीपलीकडची ती रिकामी जागा दिसते. सकाळी मी खाली आले तर मॅडम खुर्चीवर चढून तोफांवरचा कापसाचा धूर काढत होत्या. “आज धूर नको,” म्हणाल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. पाचशे वर्षांपूर्वीच्या युद्धांवर पैजेने बोलणाऱ्या या बाई त्या दिवशी कोणत्याही सालाबद्दल बोलल्या नाहीत.

विसर्जन रविवारी होतं. दुपारपासूनच बातम्या येत होत्या की अविनाशची बँक वाचवायला कुणी पुढे येत नाहीये. मॅडमनी दाराशी, चपलांच्या शेजारी, परडी ठेवली आणि जाहीर केलं, “सगळ्यांनी फोन यात टाकायचे. विसर्जन झाल्यावर घ्या.”

“मॅडम, आज नका ना असं करू,” शिरीष काकुळतीला आला. “आज काहीही होऊ शकतं.”

“शिरीष, ते शहर पडलं न, त्याची बातमी व्हेनिसला पोचायला महिना लागला. मदतीला निघालेली माणसं वाटेत होती. तेवढा महिना त्यांच्यासाठी शहर उभंच होतं. मी तर तुम्हाला एक तास मागून राहिली आहे.”

परडी भरली. आरती सुरू झाली आणि परडीही. आधी एक फोन गुरगुरला, मग दुसरा, मग सगळी परडीच लाकडी फरशीवर थरथरत सरकायला लागली. कुणी वळून बघितलं नाही. आम्ही आवाज चढवला. इतक्या मोठ्याने आरती त्या इमारतीत आधी कधी झाली नसेल. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून अविनाशकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता, दोन्ही हातांनी, आणि त्याचे डोळे परडीकडे लागले होते. मला फार भीती वाटली, स्वतःसाठी वाटावी तशी.

प्लॅस्टिकच्या टबात गणपती बुडाले. जो तो आपला फोन उचलून त्यात बघत लिफ्टकडे गेला.

सोमवारी मी रजा टाकून मॅडमना देखावा उतरवायला मदत करत होते. खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची होती. फ्रान्स, इंग्लंड, सह्याद्री खोक्यात गेले होते. फक्त तटबंदी राहिली होती, तेव्हा अविनाश दारात आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं. वर ईराचा फोटो आणि एक कॉफीचा मग. भर दुपारी बँकेतला माणूस खोकं घेऊन घरी आला की काही विचारायचं उरत नाही.

मॅडम खाली बसल्या. फरशीवरच. “माझ्यामुळे झालं,” त्या म्हणाल्या. “जुलैत मी हट्ट केला नसता तर आपण आत असतो. मीच उघडं ठेवलं दार.”

अविनाशने खोकं खाली ठेवलं. तटाजवळ गेला, वाकला, आणि ते करंगळीएवढं दार बोटाने लावलं. सवयीचं काम असावं तसं.

“रोज ट्रेनला जाता जाता लावत होतो,” तो म्हणाला. “मला नाही बघवायचं. तू रोज उघडायचीस आणि तिथंच बघत बसायचीस.” मग थोडा थांबून, “माझा पण मेव्हणाच होता न तो. नाचलो होतो मी वरातीत. मला एकदाही वाटलं नाही की यायला नको होतं.”

वर्षभर न बोललेला माणूस एवढं बोलला. मॅडमनी पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीला डोळे पुसले. मी जहाजं गुंडाळायच्या निमित्ताने पाठ फिरवली, पण माझंही तेच चाललं होतं.

कागदोपत्री नोकरी आणखी काही आठवडे होती. थंडी पडायला लागली तेव्हा ते गेले. ईरा विमानतळावर सगळ्यांना मिठ्या मारून एकच वाक्य म्हणत होती, “आय डोन्ट इव्हन नो एनीवन देअर.” मॅडमनी तिची बॅग उचलली आणि मराठीत म्हणाल्या, “मी इथं आली तेव्हा कुठं कोणाला ओळखत होती?” त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अविनाशने पाहिलं. त्याच्या हातात पर्सचा पट्टा होता.

तट मोडून टाकावा लागला. थर्माकोल कुणाच्या घरात राहतो? दार मात्र मी ठेवलं, तटाच्या तळहाताएवढ्या तुकड्यासकट. स्वयंपाकघरातल्या खिडकीत असतं.

डिसेंबरात नागपूरहून मॅडमचा फोन आला. आवाज खणखणीत. जुन्याच कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागल्या होत्या, वर्ग भरगच्च, खडू मात्र घरून न्यावे लागतात म्हणाल्या. ईरा रुसून का होईना शाळेत जात होती. अविनाश मुलाखती देत होता. सगळं सांगून झालं आणि मग आलाच तो प्रश्न. “बरं, आमचं हे असं. तिकडे काय सुरू आहे?”

मी सांगितलं. शिरीषची नोकरी टिकली, पगार कमी झाला. इमारतीतली बरीच घरं रिकामी झाली. बर्फ पडतंय.

“दार आहे न गं ते?”

“आहे. खिडकीत.”

“लावलेलं आहे की उघडं?”

मी पाहिलं. हीटरच्या वाऱ्याने बिजागरी सैल होऊन ते पूर्ण उघडं पडलं होतं. सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी खरं तेच सांगितलं.

मागे अविनाशचा आवाज आला, काहीतरी विचारत असावा. मॅडमनी त्याला सांगितलं आणि मग दोघांपैकी कुणाचं ते वाक्य होतं कोण जाणे, पण माझ्यापर्यंत मॅडमच्या आवाजात आलं.

“असू दे उघडं. परत आलो तर लागेल.”

ते अजून आलेले नाहीत. मी ओटा पुसते तेव्हा त्या दाराच्या कडेकडेने पुसते.