नव्या स्कॅनरवरचे लाल ठिपके

मंडळी, पिकांची रोगट पानं तपासायला कॉम्प्युटरबरोबर काय घेऊ, असं मी इथंच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "रॅम नंतर वाढवता येते, स्कॅनर मात्र बारीकसारीक टिपणारा घे." घेतला.

आज पहिलंच गिऱ्हाईक, बेल्ह्याचे एक भाऊ, टोमॅटोची पानं घेऊन आले. स्क्रीनवर पान मोठं केलं. पानभर लाल ठिपके! लाल कोळी कीड पडली की काय?

"उद्या तोडा हाय, ताई. आज फवारलं तर माल तोडता येनार न्हाई. नीट बघा."

दुसरं पान लावलं. तसेच ठिपके. भाऊंनी फवारणीवाल्याला फोन लावला. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ठिपक्यांच्या जागाही त्याच!

"थांबा!" मी ओरडले आणि रिकामी काच स्कॅन केली.

ठिपके होतेच.

काचेवरून बोट फिरवलं. कुंकू! सकाळी नव्या मशीनची पूजा मीच केली होती, झाकण उघडून.

भाऊंनी फोन कापला. माझ्या बोटाकडे बघत म्हणाले, "मशीन लई भारी हाय, ताई. तुमालाबी सोडलं न्हाई."

मंडळी, एवढी चर्चा केलीत, पण पूजा झाकण लावून करायची, हे एकालाही सुचू नये?